आगमनकाळाचा तिसरा रविवार : घरात आजारपण असताना ‘आनंद करा’ हे वाचन कसे करावे?

प्रश्न (डिचोली)

सर्वांना सप्रेम नमस्कार. येत्या १४ डिसेंबरला, म्हणजे आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) तिसऱ्या रविवारी, आमच्या चर्चमधल्या मराठी मिस्सेत, म्हणजे उपासनेत, पहिले वाचन करण्याची पाळी माझी आहे. वाचन यशयाच्या पस्तिसाव्या अध्यायातले आहे. रान हर्षित होईल, आंधळ्यांचे डोळे उघडतील, लंगडा हरणासारखा उड्या मारील आणि मुक्याची जीभ गाऊ लागेल, असे त्यात म्हटले आहे.

माझ्या आईला यंदाच्या पावसाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. तिच्या उजव्या अंगातली शक्ती गेली असून बोलणेही अस्पष्ट झाले आहे. बांबोळीच्या रुग्णालयात उपचार झाले; आता घरीच व्यायाम चालू आहेत. काल सायंकाळी तयारीसाठी मी हा उतारा मोठ्याने वाचत होते. त्याच वेळी आतल्या खोलीत आई पेज मागण्यासाठी एकच अक्षर पुन्हा पुन्हा उच्चारत होती, आणि ‘मुक्याची जीभ’ या शब्दांपुढे मला वाचवेना.

घरात कोणाचेही मन प्रसन्न नसताना वेदीजवळ उभे राहून आनंदाचे वचन वाचणे हे ढोंग ठरेल काय? आणि देवाला ‘हे आमच्या घरी केव्हा होणार?’ असे रोज विचारणे म्हणजे माझा विश्वास कमी पडणे काय? पाळी दुसऱ्या कोणाला द्यावी, असाही विचार मनात येतो. कृपया मनमोकळेपणाने लिहावे.

उत्तर (राय, सासष्टी)

ताई, मी पुष्कळ वर्षे धर्मशिक्षणाचे वर्ग घेत आलो आहे. माझी पहिली विनंती अशी की, आपले वाचन बाजूला ठेवून त्याच मिस्सेचे शुभवर्तमान आधी वाचावे, कारण आपला प्रश्न तिथे आपल्याआधीच कोणीतरी विचारलेला आहे. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे आणि तिथून तो शिष्यांकरवी येशूला विचारतो की, जो येणार आहे तो तूच, की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहावी? ज्याने यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा केला, त्याचाच हा प्रश्न आहे. येशूने त्याला त्याबद्दल दटावले नाही; उलट शिष्य परत निघताच त्याने लोकसमुदायाला सांगितले की, स्त्रियांपासून जन्मलेल्यांमध्ये योहानापेक्षा मोठा कोणी झालेला नाही. तेव्हा ‘केव्हा?’ असे विचारणे म्हणजे अविश्वास, ही धास्ती आपण मनातून काढून टाकावी.

येशूने दिलेले उत्तर मात्र सावकाश वाचण्यासारखे आहे. आंधळे पाहतात, लंगडे चालतात, बहिरे ऐकतात, दीनांना सुवार्ता सांगितली जाते, असे तो म्हणतो; म्हणजे यशयाच्या पस्तिसाव्या आणि एकसष्टाव्या अध्यायांतल्या वचनांचीच आठवण तो योहानाला करून देतो. त्या एकसष्टाव्या अध्यायात बंदिवानांच्या सुटकेचेही वचन आहे. निरोप बंदिवानाकडे जात असूनही येशू नेमके ते वचन उच्चारत नाही, आणि योहान त्या तुरुंगातून जिवंत बाहेर आला नाही. वर्गात हा भाग आला की मी तो कधी घाईने उरकत नाही, कारण विश्वासाविषयी आपण एरवी जे सहज बोलून जातो ते इथे कसोटीला लागते. देवाची कृत्ये दुसऱ्यांच्या घरी घडत असल्याची वार्ता योहानाच्या हाती आली आणि तेवढ्यावर त्याने येशूला धरून राहावे, एवढीच त्याच्याकडे मागणी होती. ती मागणी सोपी होती, असे मी म्हणणार नाही.

आपण वाचन करावे, असे मला मनापासून वाटते. ज्याच्या घरी सगळे सुरळीत आहे, त्याच्या तोंडून हे शब्द पाठ केल्यासारखे निघण्याचा संभव असतो. आपल्या तोंडून तसे निघणार नाहीत.

उत्तर (पणजी)

ढोंगाच्या शंकेबद्दल थोडे लिहितो. या रविवारी फादर गुलाबी झगा घालतात आणि चार मेणबत्त्यांपैकी गुलाबी मेणबत्ती लावली जाते, त्यामुळे हा नाताळाच्या आधीचा एक छोटा सण असल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात आगमनकाळ हा संयमाचा काळ आहे. प्राचीन गॉल देशात, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळापर्यंत उपवास पाळण्याची रीत होती, आणि आजही या काळातल्या रविवारी ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत म्हटले जात नाही. आल्लेलुयाचा जयघोष मात्र चालू राहतो, जो ईस्टरआधीच्या उपवासकाळात पूर्णपणे थांबतो. म्हणजे संयम आणि आनंद या काळात शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. एक आल्यावर दुसऱ्याने निघून जावे, अशी अपेक्षा नाही.

या रविवारचे प्रवेशस्तोत्र पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातले आहे आणि ते पत्र त्याने बेड्यांत असताना लिहिले. प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, असे सांगितल्यावर लगेच पुढे तो कशाचीही चिंता न करता आपल्या मागण्या देवाला कळवा, असे लिहितो. या ओळी एकाच श्वासात वाचल्या तर दिसते की, ज्याच्यापाशी मागण्या आहेत, ज्याचे काहीतरी अडलेले आहे, अशाच माणसाला तो आनंद करायला सांगत आहे. आनंदाचे कारणही तो मध्येच देतो : प्रभू जवळ आहे. आपल्या आईची प्रकृती सुधारली किंवा न सुधारली, तरी हे कारण तसेच राहते, आणि ख्रिस्ती आनंद चेहऱ्यावर दिसलाच पाहिजे, असा नियम कुठेही नाही.

उत्तर (पेडणे)

वरील दोन्ही उत्तरे मला पटतात, तरी एक हरकत नोंदवते. ताईंना वाचता आले नाही, तर त्यांनी खुशाल पाळी बदलून घ्यावी. देऊळमाता, म्हणजे सगळी ख्रिस्तसभा, आपल्या वतीनेही आनंद करते, म्हणूनच आपण मिस्सेला एकटे जात नाही. मी पती गेल्यानंतरच्या नाताळात तोंडातून एक गीत काढू शकले नाही. आमच्या घरी त्या वर्षी नेवऱ्या झाल्या नाहीत, दोदोल ढवळला गेला नाही, आणि येशूजन्माच्या देखाव्याचा गोठाही मुलांनीच कसाबसा मांडला. शेजारच्या तीन घरांतून कुसवाराची, म्हणजे नाताळच्या फराळाची, ताटे आली आणि त्यांतल्या एका घरची माणसे हिंदू होती. त्या दिवसांत माझ्या वाट्याचा विश्वास त्या माणसांनी धरून ठेवला होता, असे मी मानते.

आता उपयोगाची एक गोष्ट. याच रविवारचे दुसरे वाचन याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातले आहे. शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसापर्यंत धीर धरून भूमीच्या मोलवान पिकाची वाट पाहतो, असे त्यात येते. आमच्याकडे सध्या वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातपिकाची, तयारी चालली आहे, त्यामुळे हे वाचन आम्हाला समजावून सांगावे लागत नाही : वाट पाहणारा शेतकरी बांधावर हात जोडून बसत नाही, तो पाणी अडवतो, चिखल करतो, तरवा लावतो, आणि जे आपल्या हाती नाही तेवढेच देवावर सोपवतो. तोच अध्याय थोडा पुढे, चौदाव्या वचनापर्यंत वाचावा. तुमच्यापैकी कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावे, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. आईंना हा संस्कार मिळाला आहे काय? आपल्याकडे अजूनही पुष्कळांना तो मरणाच्या दारातल्या माणसासाठीच असतो असे वाटते आणि फादर तेल घेऊन आले की घरचे घाबरतात. वास्तविक कॅथलिक धर्मसभेच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच उपासनेविषयीच्या दस्तऐवजात तो केवळ मरणासन्न माणसांसाठी नाही, असे सांगितले आहे. त्याच वेळी घरी कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) आणण्याविषयीही फादरांशी बोलावे.

आणि वाचनाची तयारी आईंच्या खाटेजवळ बसून करावी. त्यांना ऐकू येते आणि समजते. ते वचन त्यांच्याविषयीही आहे, मग ते त्यांना चर्चमधल्या लोकांच्या आधी ऐकायला मिळावे.

प्रश्नकर्ती (डिचोली)

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. तेल लावण्याच्या संस्काराबद्दल मीही तसेच समजत होते, म्हणून आजवर कोणाला विचारले नव्हते. आज सकाळी फादरांना फोन केला, ते गुरुवारी येणार आहेत. आईला वाचन ऐकवले. तिने ते दुसऱ्यांदा वाचायला खुणेने सांगितले, आणि ‘भिऊ नका, पाहा, तुमचा देव येत आहे’ या ओळीला माझे मनगट धरले. पाळी मी बदलणार नाही.

राय येथील सरांना एकच विचारायचे आहे. येशूचा निरोप पोहोचल्यावर योहान काय म्हणाला, हे कुठे लिहिलेले आहे काय?

उत्तर (राय, सासष्टी)

नाही, ताई. त्याविषयी शुभवर्तमानांत एक शब्दही नाही. मत्तयाच्या चौदाव्या अध्यायात हेरोदाने त्याचा शिरच्छेद करविल्यावर त्याचे शिष्य येऊन त्याचे शरीर उचलून नेतात, ते पुरतात आणि मग जाऊन येशूला कळवतात, एवढेच आहे. मी स्वतः या शेवटच्या वाक्याला फार महत्त्व देतो. ज्यांच्या हाती योहानाने प्रश्न पाठवला होता तेच हे शिष्य असतील, तर आपल्या गुरूची सुटका झाली नाही हे डोळ्यांनी पाहूनही ते दुःख घेऊन येशूकडेच गेले. ज्याच्याकडून उत्तर आणले होते त्याच्यावर त्यांचा राग असता, तर ते दुसरीकडे कुठेही गेले असते.

गुरुवारी फादर येतील तेव्हा आईंच्या खाटेजवळ घरची सगळी माणसे असू द्यावीत. त्या संस्कारातली प्रार्थना सर्वांनी मिळून करायची असते.