टॉवेल-चादरीच्या डिझाइनसाठी लॅपटॉप: रॅम १६ की ३२?

जकार्डची_दोरी
नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन करते. आता घरूनही कामं घ्यायचीत, म्हणून लॅपटॉप बघतेय. जुन्या चादरीचं नक्षीकाम स्कॅन करायचं, फोटोशॉपमध्ये साफ करून रंग कमी करायचे, मग जकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या) सॉफ्टवेअरमध्ये वीण भरायची. नवी पेठेतला दुकानदार ३२ जीबीच्या खाली बोलतच नाही. किमतीत बराच फरक पडतोय. खरंच एवढी लागते का?

कडक_भाकरी
ताई, जकार्डची फाइल हलकी असते. रुंदीला २६८८ हुक (उभे धागे उचलणारे) आणि उंचीला ४००० पिक (आडवे धागे) धरले तर एक कोटी साडेसात लाख चौकोन. चौकोनाला एक बाइट म्हटलं तरी ११ एमबीच्या आत.

जड असतो तो स्कॅन. ए३ आकाराचा रंगीत स्कॅन ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांनी, केला की एकच थर २०० एमबीच्या वर जातो. त्यावर चार-पाच लेयर, हिस्टरी, शेजारी क्रोम आणि व्हॉट्सॲप. ८ जीबीत जीव गुदमरतो, १६ मध्ये बहुतेक बसेल. फोटोशॉपसाठी अडोबीसुद्धा किमान ८ आणि शक्यतो १६ सांगते.

कारखान्यातल्या पीसीवरच बघा ना. फोटोशॉपमध्ये खाली डावीकडे बाण असतो, तिथे 'एफिशियन्सी' निवडा आणि सगळ्यात जड डिझाइनवर नेहमीसारखं काम करा. आकडा १०० टक्क्यांवर टिकला तर रॅम पुरतेय. खाली उतरून तिथेच बसला तर रॅम कमी पडून काम डिस्कवर चाललंय.

होटगी_रोड
मी रेव्हिटवर इमारतींची मॉडेल करतो, मला ३२ लागतेच. तुमचं तसं नाही. पण १६ घेताना ती बोर्डावर सोल्डर केलेली नको, नंतर वाढवता येत नाही. दुकानातच कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा. 'स्लॉट्स यूज्ड' १ ऑफ २ दिसलं की एक जागा मोकळी. फॉर्म फॅक्टरला 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर सोल्डर आहे समजा.

आणि आपल्याकडे एप्रिल-मेत पारा चाळिशी ओलांडतो. अगदी पातळ लॅपटॉप तापून मंद पडतो, त्याला रॅम वाढवून काही होत नाही.

जकार्डची_दोरी
बघितलं. टॉवेलच्या डिझाइनला १०० टक्के, डबलबेड चादरीच्या स्कॅनला ८२ वर उतरून तिथेच राहिलं. पीसीत ८ जीबी आहे.

कडक_भाकरी
मग १६ घ्या, एका पट्टीतली, दुसरा स्लॉट मोकळा ठेवून. दोन पट्ट्या असल्या की वेग थोडा बरा मिळतो हे खरं, पण चादरीची कामं वाढली की दुसरी १६ ची टाकताना तोही मिळेल. त्या वेळी रॅमचा प्रकार डीडीआर४ आहे की डीडीआर५ एवढं बघून घ्या, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. वाचलेल्या पैशात १ टीबीची एसएसडी बघा, स्कॅन साठतात फार.