दुसरा अल्बम तुकड्यातुकड्यांत ध्वनिमुद्रित करावा का?

सांताक्रूझचा ड्रमर: आमच्या मराठी रॉक बँडचा पहिला अल्बम चार वर्षे वाजवून मुरलेल्या गाण्यांचा होता, त्यामुळे तो आठवड्याभरात पूर्ण झाला. आता चौघेही नोकरीत अडकलो असल्याने ड्रम्स अंधेरीच्या स्टुडिओत, गिटार ठाण्याच्या घरी आणि गायन जमेल तेव्हा, असा बेत आहे. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा दुसरा अल्बम दौऱ्यांतून सवड काढून निरनिराळ्या स्टुडिओंत झाला, तरीही तो एकजीव वाटतो. हे त्यांना कसे साधले असावे?

बोरिवलीकर: त्यांचा पहिला अल्बम लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत सुमारे ३६ तासांत झाला होता. दुसऱ्याचे काम १९६९ मध्ये इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडातल्या स्टुडिओंत विखुरले. मात्र निर्माता म्हणून बँडचा गिटारवादक जिमी पेज हाच राहिला आणि शेवटचे मिक्सिंग (वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळवण्याचे काम) त्याने न्यूयॉर्कमध्ये ध्वनी-अभियंता एडी क्रेमरसोबत बसून केले. जागा अनेक असल्या तरी निवाडा करणारा कान एकच होता. त्यातल्या ‘होल लॉटा लव्ह’ गाण्यामध्ये गायक रॉबर्ट प्लांटच्या आवाजाचा पुसट अंश टेपवर उतरला होता, तो काढता येईना, तेव्हा त्यांनी त्यावर रिव्हर्ब (घुमल्यासारखा परिणाम) चढवून तो गाण्यातच सामावून घेतला. तुम्हीही मिक्सिंग एकाच माणसाकडे सोपवा, आणि घरी गिटार मुद्रित करताना ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) आवाजाबरोबर ॲम्पमध्ये जाण्याआधीचा गिटारचा थेट सिग्नलही वेगळ्या ट्रॅकवर साठवा, म्हणजे ॲम्पचा आवाज पुढे बदलता येईल.

दादरचा बेसवाला: वरील मत मला अर्धेच पटते. झेपेलिनची मंडळी दौऱ्यात सतत एकत्र वाजवत होती, त्यामुळे कोण कुठे किंचित रेंगाळणार हे प्रत्येकाच्या हाताला ठाऊक होते. ती जवळीक मिक्सिंगमध्ये निर्माण करता येत नाही. तुमची नवी गाणी चौघांनी मिळून किती वेळा वाजवली आहेत, हे तुम्ही लिहिलेलेच नाही. किमान ड्रम्स आणि बेस एकाच खोलीत, एकमेकांकडे पाहत मुद्रित करा. (मी बेसवाला आहे, तेव्हा पक्षपाताचा आरोप मान्य.)

सांताक्रूझचा ड्रमर: खरे सांगायचे तर एकत्र फक्त दोनच गाणी वाजवली आहेत. अंधेरीची तारीख महिनाभर पुढे ढकलून रविवारी एकत्र सरावासाठी जॅमरूम घेतो. ठाण्यात मुद्रित केलेल्या एका गिटारमागे लोकलचा भोंगा आला आहे. तो मात्र, रिव्हर्ब चढवून, ठेवावा म्हणतो.