पोलिसांनी वापरलेलं बळ अवाजवी होतं का, हे ठरवायचं कुणाच्या नजरेने?

धागालेखिका:
नोव्हेंबर 1984, अमेरिकेतलं शार्लट शहर. डेथॉर्न ग्रॅहम या मधुमेही माणसाची साखर उतरायला लागली. मित्राच्या गाडीतून तो संत्र्याचा रस घ्यायला दुकानात गेला, रांग मोठी दिसली म्हणून तसाच घाईने बाहेर आला. एवढ्यावरून कॉनर नावाच्या पोलिसाला संशय आला आणि त्याने गाडी अडवली. ग्रॅहमची शुद्ध हरपत होती. मित्र साखरेचं सांगत होता, पण एक पोलीस म्हणाला, हा प्यायलाय. हातकड्या घातल्या, तोंड गाडीच्या बॉनेटवर दाबलं, ओळखीच्या माणसाने आणलेला रससुद्धा देऊ दिला नाही. पायाचं हाड मोडलं. दुकानात काहीच घडलं नव्हतं हे कळल्यावर घरी सोडलं.

ग्रॅहमने खटला भरला. 1989 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात बळ अवाजवी होतं का हे ठरवायची कसोटी घातली: त्या जागी, त्या क्षणी एखादा समंजस पोलीस असंच वागला असता का? माझ्या मते इथेच नागरिक हरतो. माझ्या आईची साखर उतरली की तिला दरदरून घाम फुटतो, जीभ जड होते, विचारलेल्याचं धड उत्तर येत नाही. अनोळखी माणूस तिलाही दारुडी समजेल, आणि कायदा त्या समजुतीला समंजस म्हणेल.

प्रतिसाद (निवृत्त पोलीस):
ताई, निकाल अर्धाच सांगितलात. त्याआधी खालची न्यायालयं पोलिसाच्या मनात आकस होता का, हेही बघत. मनातलं सिद्ध कोण करणार? ती अट याच निकालाने काढली. गुन्हा किती गंभीर, धोका किती, माणूस प्रतिकार करतोय का, हे बघा म्हणाले. मी बंदोबस्तात दगड खाल्लेत. तिथे विचाराला दोन सेकंदही मिळत नाहीत, आणि कोर्टात त्याच दोन सेकंदांवर दोन वर्षं प्रश्न विचारतात.

धागालेखिका:
दोन सेकंदांचंच बोलू. 2016, अमेरिकेतलंच ह्यूस्टन. टोल थकल्यावरून गाडी अडवली. ती पुढे सरकताच पोलिसाने दाराच्या पायरीवर उडी मारली आणि गोळ्या झाडल्या. चालक गेला. खालच्या न्यायालयांनी फक्त ते शेवटचे दोन सेकंद पाहिले. उडी कुणी मारली, हे विचारात घेतलंच नाही. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की सगळी परिस्थिती बघा. मधली वर्षं त्या घरच्यांनी कशी काढली असतील?

प्रतिसाद (वकील):
दोघंही एक फरक सोडताय. 'समंजस' म्हणजे 'कमीत कमी' नव्हे. अमेरिकेत यापेक्षा सौम्य उपाय होता एवढं दाखवून पोलीस दोषी ठरत नाही. आपल्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम 46 सांगतं, अटकेतल्या माणसावर तो पळू नये एवढंच बंधन घाला. कलम 149 मध्ये जमाव पांगवणाऱ्या सैन्यालाही शक्य तितकं कमी बळ वापरा असं बजावलंय. शब्द आपले जास्त कडक आहेत. आपल्याकडे माणूस कोर्टापर्यंत पोचतच नाही, ही वेगळी रड.

प्रतिसाद (निवृत्त पोलीस):
'कमीत कमी' घटना घडून गेल्यावर सापडतं, वकीलसाहेब. भर गर्दीत नाही. माझं मत बदललेलं नाही. पण हातकड्या पडल्यानंतर रस अडवला, त्याला घाईचं कारण देता येणार नाही. तो द्यायलाच हवा होता.