शब्दचर्चा : ‘अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’ आणि ‘समर्पित’ निधी

सातारकर :
आमच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दल आमदारांनी विधानसभेत प्रश्न विचारला होता. त्याचं छापील उत्तर गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आलं. दोनदा वाचलं, तरी सरकार हो म्हणतंय की नाही, ते कळेना. गावाचं नाव काढून, थोडं आटोपशीर करून देतो.

प्रश्न : (१) अमुक आरोग्य केंद्राची इमारत बांधून पूर्ण होऊनही पदे रिक्त असल्याने व उपकरणे नसल्याने केंद्र सुरू झाले नसल्याचे माहे जूनमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तर : (१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) पदे भरण्याबाबत कार्यवाही सुरू असून, उपकरणांसाठी वितरित निधीपैकी अखर्चित निधी समर्पित करण्यात आला आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.

अंशतः म्हणजे नक्की कुठला अंश? केंद्राला कुलूप असताना विलंबाचा प्रश्न उद्भवत कसा नाही? आणि निधी समर्पित केला म्हणजे आमच्या केंद्राला दिला ना? मग उपकरणं कुठे आहेत?

निवृत्त कक्ष अधिकारी :
असली उत्तरं आयुष्यभर लिहिली, तेव्हा सांगायचा थोडा अधिकार आहे.

आधी प्रश्नाची घडण बघा. पहिल्यानंतरचे तिन्ही भाग ‘असल्यास’ आणि ‘नसल्यास’ या दोन खुंट्यांना टांगलेले असतात. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असं उत्तर आलं, की पुढच्या तिघांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे आपोआप लागतं. म्हणून सगळी झटापट पहिल्या भागात. त्यात एखादी तारीख, आकडा किंवा गावाचं नाव चुकलं की खात्याला आयती पळवाट मिळते. मुरलेले सदस्य (खरं तर त्यांचे स्वीय सहायक) म्हणूनच ‘माहे जूनमध्ये वा त्यादरम्यान’ असं लिहितात. शाळेत कुणी असं लिहिलं तर बाई लाल रेघ मारतील, पण इथे या ‘वा त्यादरम्यान’चा उपयोग होतो. जून नव्हे, जुलै होता, एवढ्यावर प्रश्न उडवता येत नाही.

‘अंशतः खरे’चं तसंच. तुमच्या पहिल्या भागात एका वाक्यात पाच विधानं कोंबली आहेत : इमारत पूर्ण झाली, पदं रिक्त आहेत, उपकरणं नाहीत, त्यामुळे केंद्र सुरू नाही, आणि हे जूनमध्ये दिसलं. समजा एक परिचारिका रुजू झालेली आहे. मग ‘पदे रिक्त’ हे पूर्ण खरं राहत नाही, आणि कार्यासनाला (मंत्रालयातल्या उत्तर लिहिणाऱ्या शाखेला) ‘अंशतः’ लिहायला जागा मिळते. कुठला अंश खरा ते उत्तरात सांगावं, हे साधं सौजन्य आहे. आमच्या वेळचे एक अवर सचिव नुसतं ‘अंशतः’ लिहिलेला मसुदा परत पाठवायचे. सगळेच पाठवत नसत.

चौथ्या भागाबद्दल : तिथला ‘नसल्यास’ हा ‘कार्यवाही केली नसल्यास’ असा वाचायचा. तिसऱ्यात कार्यवाही सुरू आहे म्हटल्यावर चौथा कागदावर गळतो. केंद्र तीन वर्षं बंद असलं तरी गळतो. व्याकरणात उत्तर चोख आहे, हेच त्याचं दुखणं. आणि तुमच्या उत्तरात (२) व (३) एकत्र केलेत, तिकडे लक्ष गेलं का? चौकशी झाली की नाही, याचं हो-नाही त्या ‘व’मध्ये विरघळून गेलं.

शुद्धलेखनवाली :
कार्यवाही आणि कारवाई यांत घोळ घालू नये, वर्तमानपत्रं रोज घालतात. कारवाई कुणावर तरी होते : निलंबन, दंड, गुन्हा. कार्यवाही कशाबाबत तरी होते : पत्र लिहिणं, प्रस्ताव पाठवणं, नस्ती (फाइल) पुढच्या टेबलावर सरकवणं. प्रश्नात ‘दोषींवर कोणती कारवाई केली’ असं असेल आणि उत्तरात ‘नियमानुसार कार्यवाही करण्यात येत आहे’ असं आलं, तर शब्द चुकून बदललाय असं समजू नका.

‘खरे आहे काय’मधल्या ‘काय’ला पुण्यात हसतात. आमच्या वऱ्हाडात आजही ‘येतं काय?’ असंच विचारतात. छापील मराठीत तो जुना आणि सरळ प्रयोग आहे, त्यात हसण्यासारखं काही नाही.

लेखा शाखेतला :
सातारकर, तुमचा तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि उत्तर ऐकून वाईट वाटेल. ‘समर्पित’ने बऱ्याच जणांना फसवलंय. करोनाच्या काळात ‘समर्पित कोविड रुग्णालय’ असे फलक लागले होते, तिथे अर्थ होता ‘फक्त त्याच कामासाठी वाहिलेलं’. निधीच्या बाबतीत अर्थ नेमका उलटा. खर्च झाला नाही म्हणून निधी शासनाला परत केला. काही कार्यालयं ‘प्रत्यार्पित’ लिहितात, ते निदान ऐकायला तरी परत केल्यासारखं वाटतं. ३१ मार्चपूर्वी शिल्लक अशी परत करायची असते. ती राहून गेली तर निधी ‘व्यपगत’ होतो, म्हणजे आर्थिक वर्षाबरोबर बुडतो.

तेव्हा तुमच्या उत्तराचा साधा अर्थ : उपकरणांसाठी पैसे आले होते, ते सगळे वापरले गेले नाहीत, उरलेले परत गेले.

पैशाच्या प्रवासात प्रत्येक टप्प्याला वेगळा शब्द आहे, आणि मंत्र्यांच्या भाषणात ते सगळे एकाच टोपलीत पडतात. अर्थसंकल्पात ‘तरतूद’ झाली म्हणजे रकान्यात आकडा आला. ‘प्रशासकीय मान्यता’ म्हणजे काम करायला हरकत नाही. ‘वितरित’ म्हणजे रक्कम कार्यालयाला खर्चासाठी उपलब्ध झाली. ‘खर्ची पडली’ म्हणजे देयक कोषागारातून पारित झालं. ‘तुमच्या तालुक्याला दोन कोटी दिले’ या वाक्यातलं ‘दिले’ यांपैकी कुठलंही असू शकतं. आमच्या अनुभवात बहुतेक वेळा ते ‘तरतूद’ असतं.

जाता जाता, ‘पुरवणी मागण्या’मधली (अर्थसंकल्पानंतरच्या जादा निधीची) मागणी आमदारांची नसते. मागतं सरकार, देतं सभागृह. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०३ प्रमाणे विधानसभा मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करून देऊ शकते. वाढवून देऊ शकत नाही. म्हणून सदस्याच्या हातात ‘कपात सूचना’ असते. लोकसभेत ती शंभर रुपयांच्या कपातीची असली तर ओळखायचं, की पैसे वाचवायचे नाहीत, गाऱ्हाणं मांडायचंय. धोरणच नापसंत असेल तर मागणी एक रुपयावर आणा असं सुचवतात.

माजी वार्ताहर :
नागपूरच्या थंडीत बरीच अधिवेशनं काढली. तिथली बोली छापात येत नाही : प्रश्न ‘लागतो’, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) ‘टाकतात’, विरोधक ‘२८९ देतात’ (विधान परिषदेत, कामकाज बाजूला ठेवून चर्चा घ्या म्हणून), आणि ‘२९३ ची चर्चा’ (सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावरची) विधानसभेत रात्री उशिरापर्यंत चालते. हे सगळे नियमांचे क्रमांक, पण बोलताना नामासारखे वापरतात.

‘तारांकित’ हा शब्द सरळ आहे. ज्या प्रश्नाच्या क्रमांकाजवळ तारा छापलेला असतो, त्याला मंत्र्याने उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं. अतारांकिताचं उत्तर लेखी. पंचतारांकितशी नातं तेवढ्यापुरतंच. खरी मजा तोंडी उत्तरानंतरच्या उपप्रश्नांत असते, कारण छापील उत्तर आठवडाभर घासूनपुसून केलेलं असतं आणि उपप्रश्न आयत्या वेळी येतो. मंत्र्यांच्या हातात पूरक टिप्पणी असते, तीत नेमकं तेच पान नसतं. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातल्या सभासदांना प्रश्न विचारायची मुभा दिली, पण उपप्रश्नाची नाही. ती १९०९ ला मिळाली, तीही फक्त मूळ प्रश्नकर्त्याला. गोऱ्या साहेबाला धोका कुठे आहे ते बरोबर कळलं होतं.

बातमीतल्या ‘आमदारांनी पाणीप्रश्न उपस्थित केला’ या वाक्यावर मात्र माझा राग आहे. आपल्याकडे ‘प्रश्न’ म्हणजे विचारणाही आणि अडचणही. मग वाचकाला कळत नाही की त्यांनी तारांकित विचारला, लक्षवेधी लावली की नुसता औचित्याचा मुद्दा मांडला. फरक मोठा आहे. तारांकिताला उत्तर द्यावंच लागतं. औचित्याच्या मुद्द्यावर पीठासीन अधिकारी ‘शासनाने नोंद घ्यावी’ म्हणाले की पुढचा विषय. गावात मात्र दोन्हींचे फ्लेक्स सारखेच लागतात. (आणि ‘वाढदिवसाचे औचित्य साधून’वाले तेच.)

गिरगावातून :
महापालिकेत याहून गंमत. ‘हरकतीचा मुद्दा’ म्हणजे कामकाज नियमाप्रमाणे चाललेलं नाही ही तक्रार. आमच्या स्थायी समितीत तो घेऊन नगरसेवक नाल्यातल्या गाळापासून शाळेच्या दप्तरापर्यंत काहीही विचारायचे, आणि अध्यक्ष तो ‘राखून ठेवायचे’, म्हणजे प्रशासनाने उत्तर आणेपर्यंत.

‘दप्तरी दाखल’ हा माझा लाडका शब्दप्रयोग. बाहेरच्याला वाटतं प्रस्ताव सन्मानाने नोंदवून घेतला. अर्थ असा, की प्रस्ताव फेटाळला, कपाटात गेला. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आल्यावर पुढची काही वर्षं दप्तरी दाखल करणारं कुणी उरलंच नव्हतं. प्रस्ताव मांडणाराही प्रशासक, मंजूर करणाराही तोच.

पणजीकर :
गोव्यात चाळीस आमदारांचं सभागृह, तेव्हा आमदाराची पाळी लवकर येते. बोलताना ‘तारांकित’ फारसं कुणी म्हणत नाही, ‘एलएक्यू घातला’ म्हणतात (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन, म्हणजे विधानसभेतला प्रश्न). वर्तमानपत्रात मात्र तारांकितच. प्रश्नोत्तरांनंतर तातडीचे विषय मांडायच्या वेळेला तुमच्याकडे ‘शून्य काळ’ छापतात, आमच्याकडे ‘शून्य प्रहर’ वाचायची सवय आहे.

सातारकर :
समर्पितचा अर्थ गटावर टाकला. सरपंचांनी ‘निधी समर्पित केल्याबद्दल आभार’ असा निरोप आधीच टाकला होता, तो काढला. आता आमदारांना पुढच्या अधिवेशनासाठी पत्र द्यायचंय. प्रश्न कसा लिहावा?

निवृत्त कक्ष अधिकारी :
एका भागात एकच गोष्ट विचारा. ‘कोणती कार्यवाही’ हे शब्द टाळा, ते आम्हाला फार आवडायचे. असं लिहा : ‘उक्त केंद्रासाठी मंजूर पदे किती, त्यांपैकी भरलेली किती, उपकरणांसाठी तरतूद किती, वितरित किती, खर्च किती व समर्पित किती, आणि समर्पित करण्याची कारणे काय’. आकडा मागितला की ‘अंशतः’ लिहिता येत नाही.

उत्तरात ‘विचाराधीन आहे’ आलं तर निराश होऊ नका. संसदेत हे शब्द सरकारी आश्वासन म्हणून मोजले जातात. ते तीन महिन्यांत पुरं करणं अपेक्षित असतं आणि त्यावर आश्वासन समितीची नजर असते. आपल्या विधानमंडळातही आश्वासन समिती आहे. आमदारांच्या स्वीय सहायकाला सांगा, तारखेसह कात्रण जपून ठेवा म्हणावं.