मदत हवी आहे: सिनुलोगचा नाच बसवताना रांगा कशा फोडायच्या?

मी फिलिपिन्सला, सेबूमध्ये मेडिकलला आहे. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी इथे सिनुलोग असतो, सांतो निन्योचा म्हणजे बाळ येशूचा उत्सव. कॉलेजच्या कार्यक्रमासाठी नाच बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

मूळ स्टेप सोपी आहे: ढोलाच्या ठेक्यावर दोन पावलं पुढे, एक मागे. तिला हात लावायचा नाही, नाचाचा जीवच तो. घोळ रचनेत होतोय. वीस जण, चार रांगा. वळताना मागे येणाऱ्या पावलाला पुढची रांग मागच्यांवर आदळते. शेवटी नाचाची राणी, म्हणजे मुख्य नर्तकी, बाळ येशूची मूर्ती उंच धरून मधून पुढे येते. तिच्या झग्याचा घेर एवढा, की दोन्ही बाजूंना हातभर जागा लागते. तेवढ्यात रांगा फुटून गोल व्हायला हवा, आणि ठेका चुकता कामा नये.

लेझीम किंवा ढोलपथक बसवणाऱ्यांनी सांगा: आधी कडेचे हलवायचे की मधले? मोजणी आठची ठेवू की सोळाची?

(बॉलिवूड स्टेप्स घाल, हा सल्ला मिळून झालाय. मूर्ती इथल्या लोकांचं दैवत आहे, तसलं काही नको.)