स्टार्ट बटण हललं, तुमच्याकडं काय झालं?

कृष्णाकाठ_सांगली
सकाळी अप्पांचा यार्डातल्या पेढीवरून फोन. "अरे, स्टार्ट कुठं गेलं?" विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले म्हणून पेढीवर नवीन मशीन आणलं, त्यात ११. बटण मधोमध. बरं, मधोमध तर मधोमध, पण एका जागी तरी थांबावं? अजून काही उघडलं की ते डावीकडं सरकतं, बंद केलं की परत उजवीकडं. समोर शेतकरी हळदीच्या पट्टीसाठी ताटकळतोय आणि अप्पा बटणाच्या मागं.

यावरून २०१२ आठवलं. तेव्हा मी विश्रामबागला नेट कॅफे सांभाळायचो. विंडोज ८ मध्ये बटणच काढून टाकलेलं. मशीन बंद करायचं तर उजव्या कोपऱ्यात माउस न्या, पट्टी बाहेर येणार, त्यात सेटिंग्ज, त्यात पॉवर. गिऱ्हाईक सरळ खालचा स्विच मारून मोकळं. पुढच्या वर्षी ८.१ ला बटण आलं, पण दाबलं की मेन्यूऐवजी ८ च्याच रंगीत फरशांचा पडदा. मेन्यू परत यायला २०१५ उजाडलं.

तुमचंही सांगा.

कंदीपेढा
डावीकडं घेता येतंय की! टास्कबारवर, म्हणजे खालच्या पट्टीवर, राईट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, खाली बिहेवियर्स, अलाइनमेंट लेफ्ट. अप्पांना नमस्कार.

कृष्णाकाठ_सांगली
केलं मघाशीच. आता घड्याळात सेकंद का दिसत नाहीत म्हणतायत.

छापखाना
ऐन लग्नसराईत ऑफिस २००७ आलं होतं आमच्याकडं. फाइल मेन्यू गायब, कोपऱ्यात एक गोल गरगरीत बटण. प्रिंट त्याच्या पोटात. आम्ही पोरं शोधतोय आणि म्हातारे कंपोझर काका निवांत, कारण त्यांनी माउस कधी धरलाच नाही. कंट्रोल-पी, झालं. २०१० ला फाइल परत आलं तेव्हा काकांना पत्ताच नव्हता की ते गेलं होतं.

चाकरमानी_सातारा
😂😂 काकांना सलाम

टेबल_क्र_४
कुणी राईट क्लिकबद्दल बोला. आमच्या कार्यालयात कॉपी-पेस्टची नावंच गेली, नुसती चित्रं. शेजारच्या बाई कात्री बघून म्हणे, हे कशाला दाबू, फाइल कापली तर? साहेबांचा वेगळाच त्रास पण तो इथं नको, कुकर लावलाय.

कंदीपेढा
शिफ्ट दाबून राईट क्लिक करा, जुनी यादी येते. २०२४ च्या मोठ्या अपडेटनंतर चित्रांखाली नावंही आलीत.

टेबल_क्र_४
आमच्याकडं अपडेट वरून आदेश आल्याशिवाय होत नाही.

वाळव्याचा_पाहुणा
बटण आधी डाव्या कोपऱ्यात होतं, त्याचं कारण सांगतो. माउसचा बाण पडद्याच्या कडेला अडतो, म्हणून कोपऱ्यातलं बटण न बघता सापडतं, माउस कसाही ढकला. मधलं बटण मात्र नेम धरूनच गाठावं लागतं. लक्ष्य किती लांब आणि किती मोठं यावर हाताला लागणारा वेळ ठरतो, हे फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५४ लाच मांडलंय. तेव्हा अप्पांचं काही चुकत नाही. ज्यांनी बटण हलवलं त्यांना हे ठाऊक नसेल असं मला तरी वाटत नाही, दिसायला बरं म्हणून हलवलं.

मिरजकर
एवढं सगळं बदललं, पण आमचा भाऊ डेस्कटॉपवर रिफ्रेश मारल्याशिवाय कामाला सुरुवात करत नाही. त्यानं मशीन फास्ट होत नाही, नुसती यादी परत काढली जाते, सांगून थकलो.

आईची_लेक
कम्प्युटरचं नाही, आईच्या फोनचं. खालची तीन बटणं गेली, बोटानं सरकवायचं आलं. तिला वाटलं फोन बिघडला, म्हणून दोन दिवस उचलेना. सेटिंग्जमध्ये नेव्हिगेशन मोड शोधा, तीन बटणं परत मिळतात.

कंदीपेढा
हे भारी. सासूबाईंच्या फोनला करतो आजच.

छापखाना
कृष्णाकाठ, पेढीवरचं जुनं मशीन काय केलं? ११ चालत नसलं तरी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकून पोराला देईन म्हणतो.

कृष्णाकाठ_सांगली
पोत्याच्या थप्पीमागं पडलंय. आत हळद किती गेलीय ते बघून घ्या. व्यनि (खासगी निरोप) करा.