घर पाहायला येणाऱ्यांना चहा-फराळ द्यावा की देऊ नये? (इंदूर) तातडीने मदत हवी आहे

राजेंद्रनगर_स्टेशनजवळ
नमस्कार. राजेंद्र नगरातील आमचे घर विकायचे ठरले आहे. एकेका गिऱ्हाइकाला वेगवेगळ्या वेळी घर दाखवण्यापेक्षा येत्या रविवारी सकाळी ते सर्वांसाठी खुले ठेवावे, असे दलालांनी सुचवले आणि आम्ही ते मान्य केले. हल्ली याला ओपन हाऊस म्हणतात. आता प्रश्न खाण्यापिण्याचा आहे. आईचे म्हणणे असे की मे महिन्याच्या उन्हात दारी आलेल्या माणसाला पोहे-जलेबी आणि चहा दिल्याशिवाय परत पाठवणे आपल्या घराला शोभत नाही. दलाल म्हणतात की पाण्यापलीकडे काहीही ठेवू नका. धाकटा भाऊ छप्पन दुकान या खाऊगल्लीतून सगळे बांधून आणायला निघाला आहे. हलवायाला आजच सांगावे लागणार असल्यामुळे कृपया लवकर उत्तर द्या. द्यावे की देऊ नये, एवढेच मला हवे आहे.

सुदामानगरकर
आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ज्या गोष्टींवर अवलंबून आहे, त्यांपैकी एकही आपण लिहिलेली नाही. घरात सध्या कोणी राहते की ते रिकामे आहे? अंदाजे किती माणसे येतील? ती एकाच वेळी येणार की दलालांनी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा दिल्या आहेत? वाढणार कोण? घर रिकामे असेल तर गॅसच नसेल आणि निम्मा प्रश्न तिथेच मिटेल.

मालव्यातील_गृहिणी
माझे मत स्पष्ट आहे, द्यावे. इंदुरात रविवारी सकाळी घराबाहेर पडलेला माणूस पोहे खाऊनच परततो, मग ते आपल्याकडेच का खाऊ नयेत? घर विकत घेणारा माणूस भिंतींबरोबर त्या घराची रीतही पाहत असतो. ज्या घरात आपले आगतस्वागत झाले त्या घराविषयी मनात आपलेपणा निर्माण होतो आणि तो किमतीच्या बोलण्यात उपयोगी पडतो. पोह्यांवर कांदा आणि जीरावण मसाला वरून घालायचे असतात, तेव्हा ते वेगळ्या वाट्यांत ठेवावेत, म्हणजे ज्याला जे चालते ते त्याने घ्यावे.

जुना_व्यवहारी
मी अनेक वर्षे घरांच्या खरेदी-विक्रीचे काम केले आहे आणि वरील मताशी पूर्णपणे असहमत आहे. माझा आक्षेप आदरातिथ्याला नाही, बैठकीला आहे. माणसाच्या हातात बशी दिली की तो बसतो, आणि बसला की मागची खोली, गच्ची आणि पाण्याची टाकी पाहायची राहून जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बसलेला माणूस बोलतो. ‘इतके चांगले घर का विकता?’ हा प्रश्न चहाच्या पहिल्या घोटाबरोबर येतो, आणि घरातील वडीलधारी व्यक्ती भाबडेपणाने सांगून टाकते की मुलगा पुण्याला असतो, मला एकटीला जिने चढवत नाहीत, दिवाळीच्या आत मोकळे व्हायचे आहे. विकणाऱ्याला घाई आहे हे कळताच समोरच्याचा आकडा खाली येतो. त्यामुळे पाणी द्या, आदराने बोला आणि घर पाहू द्या.

मालव्यातील_गृहिणी
@जुना_व्यवहारी, बोलणे टाळायचे असेल तर बोलणे टाळावे, त्यासाठी खाणे बंद करण्याचे कारण नाही. शिवाय बोलण्यातून आपल्यालाही कळते की समोरचा खरोखर घेणारा आहे की केवळ आजूबाजूचे भाव काढत फिरत आहे. आमच्या घराच्या वेळी जे कुटुंब चहाला निवांत बसले, त्यांनीच पुढे घर घेतले.

जुना_व्यवहारी
ते कुटुंब चहा मिळाला म्हणून घर घेणारे नव्हते. घर घ्यायचे मनात होते, म्हणून ते चहाला बसले.

राजेंद्रनगर_स्टेशनजवळ
आपण दोघे आपसांत चर्चा करत आहात, पण माझा हलवाई माझ्या निरोपाची वाट पाहत आहे. @सुदामानगरकर, घर रिकामे नाही, आई तिथेच राहते, त्यामुळे गॅस आणि भांडी सर्व आहे. साधारण तीस-पस्तीस माणसे येतील, असे दलालांचे म्हणणे आहे. वेळ सकाळी नऊ ते बारा आहे, वेगवेगळ्या वेळा दिलेल्या नाहीत.

कर_आणि_कायदा
नमस्कार. घर विकताना एक गोष्ट विसरू नये. किंमत ५० लाख रुपये किंवा त्याहून अधिक असल्यास खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावरील दीर्घकालीन नफ्यासाठी भारतातील रहिवासी व्यक्तीला दोन पर्याय उपलब्ध आहेत: इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून न धरता) १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशनसह २० टक्के. दोन्ही प्रकारे गणित करून पाहावे.

राजेंद्रनगर_स्टेशनजवळ
माहितीबद्दल आभारी आहे, परंतु मी पोह्यांविषयी विचारले होते.

न्यूजर्सीहून_माहेरवाशीण
माझे माहेर लोकमान्य नगरचे, म्हणून मनापासून लिहिते आहे. ज्या अमेरिकेतून ही ओपन हाऊसची पद्धत आली, तिथे घरमालक बहुधा त्या वेळी घरात थांबतच नाही. घर दाखवण्याचे आणि आलेल्यांची नोंद वहीत करून घेण्याचे काम त्याचा एजंट करतो, आणि टेबलावर पाण्याच्या बाटल्या, कुकीज असे काही ठेवायचे असेल तर तेही बहुतेक तोच ठेवतो. कुकीज ओव्हनमध्ये भाजून घरात त्यांचा वास दरवळत ठेवण्याचा सल्ला तिथे फार जुना आहे. मात्र त्या खाण्यात यजमान आणि पाहुणा असे नाते नसते. येणारा उभ्या उभ्या एक कुकी उचलतो आणि पुढच्या खोलीत जातो. आपल्याकडे घरची आई स्वतः वाढणार असेल, तर ती गोष्ट मुळातच निराळी होते. तेव्हा तिकडची पद्धत जशीच्या तशी उचलू नये, असे मला वाटते. आणखी एक सांगते. तिथे शेंगदाण्याच्या ॲलर्जीची फार काळजी घेतात. इंदुरी पोह्यांत शेंगदाणे घालणार असाल, तर लहान मुलांच्या आईवडिलांना ते आधी सांगावे.

वास्तू_अभ्यासक
स्वयंपाकघर आग्नेय दिशेला आहे काय? नसेल तर पाहुण्यांना तिकडे नेऊच नये, फराळ बाहेरच मांडावा.

सुदामानगरकर
स्वयंपाकघराकडे नेऊ नये हा सल्ला चुकीचा आहे, कारण घर घेणारी गृहिणी सर्वांत आधी ओटा, सिंक आणि पाण्याचे नळ पाहते. नेमक्या याच कारणासाठी त्या सकाळी ओट्यावर काहीही शिजत नसावे. तीस माणसांचे पोहे म्हणजे मोठी कढई, फोडणी, मिरचीचा ठसका आणि सिंकमध्ये खरकट्या बश्यांचा ढीग. हिंग-मोहरीचा वास आपल्याला प्रिय असला तरी तो पडद्यांत मुरून दुपारपर्यंत राहतो आणि स्वयंपाकघर आहे त्यापेक्षा लहान आणि कोंदट भासते. नळाविषयीही लोक नक्की विचारतील: नर्मदेची लाइन आहे का, पाणी एक दिवसाआड किती वेळ येते, बोअरिंग आहे का? तेव्हा ओटा कोरडा आणि मोकळा असावा.

आता उरला प्रश्न वासाचा. धागाकर्त्यांनी आणखी एक सांगावे. घरात कुठे ओल आहे काय? कारण काही घरांत फराळ, धूप आणि उदबत्ती यांचा मारा ओलीचा वास झाकण्यासाठी केलेला असतो, हे अनुभवी खरेदीदाराला चांगले ठाऊक असते. आपला हेतू तसा नसला तरी संशय येतो.

राजेंद्रनगर_स्टेशनजवळ
मागच्या खोलीत गच्चीच्या बाजूला थोडी ओल आहे. गेल्या पावसाळ्यानंतर वॉटरप्रूफिंग करून घेतले, पण डाग दिसतो. आई रोज सकाळी धूप घालते, तो देवासाठी असतो. याचा आणि फराळाचा संबंध माझ्या ध्यानात आला नव्हता.

जुना_व्यवहारी
मग धूप पहाटेच उरकावा, नऊच्या आत खिडक्या उघडाव्यात आणि तो डाग कपाट सरकवून झाकू नये. वॉटरप्रूफिंगचे बिल असेल तर ते हाताशी ठेवावे आणि कोणी विचारण्याची वाट न पाहता आपणच दाखवावे. त्या बिलाने जो विश्वास बसतो, तो जलेबीने बसत नाही.

मालव्यातील_गृहिणी
बिलाचे मला पटले. परंतु मे महिन्यात नुसत्या पाण्यावर माणसे पाठवायला माझे मन तयार होत नाही. पोहे जड वाटत असतील तर कैरीचे पन्हे ठेवा. त्याला फोडणी नाही, वास नाही, बशी नाही. भावाला इंदुरी शिकंजी आणायची असेल तर ती मात्र आणू देऊ नका, कारण ती दुधाची आणि घट्ट असते, उन्हात टिकत नाही आणि एका पेल्यातच पोट भरते.

छावनीतील_जैन_शेजारी
मी जैन आहे, मराठी घरांच्या शेजारी वाढलो असल्यामुळे इथे लिहितो. इंदुरात घर घेणाऱ्यांत आमच्या समाजाची कुटुंबे बरीच असतात. आमच्यापैकी अनेक जण कांदा, लसूण, बटाटा खात नाहीत. कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरांत ओले आलेही चालत नाही, त्यामुळे आल्याचा चहा आग्रहाने पुढे केला तर नाही म्हणताना दोघांनाही अवघडल्यासारखे होते. सुंठ मात्र चालते. काही ज्येष्ठ मंडळी बाहेर उकळलेलेच पाणी पितात. म्हणून घरात जे ठेवाल त्याचा आग्रह करू नका, एवढीच विनंती आहे. वस्तू मांडून ठेवली आणि माणसाने स्वतः घेतली, तर कोणाचाही अवमान होत नाही. गूळ, वेलची घातलेले कैरीचे पन्हे यात अडचण येणार नाही.

स्वच्छ_गल्ली
पेल्यांचा विचार आधी करावा. एकदाच वापरायचे प्लास्टिकचे कप, पेले, बश्या, चमचे आणि स्ट्रॉ यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. ज्या शहराची ओळखच आता स्वच्छतेची आहे, तिथे दारात तसा ढीग दिसणे बरे नाही. कागदी पेले ठेवलेत तर ते टाकायला जवळच डबा हवा, नाहीतर ते खिडकीच्या कट्ट्यावर आणि जिन्याच्या कठड्यावर सापडतात. स्टीलचे पेले सर्वांत चांगले, पण ते धुवायला एक माणूस लागेल आणि ते धुणे स्वयंपाकघरात नको, मागच्या मोरीत व्हावे.

सुदामानगरकर
मांडणीविषयी माझे मत असे. पाणी फाटकाजवळ, येणाऱ्याला पहिल्या क्षणी मिळेल असे ठेवावे, कारण उन्हातून आलेल्याची ती गरज आहे. पन्हे मात्र घर पाहून झाल्यावर, बाहेर पडताना लागेल अशा जागी असावे. पोर्चमध्ये सावली असेल तर तिथे. खुर्च्या फक्त वृद्धांसाठी, भिंतीला लागून दोन-तीन. असे केल्याने @मालव्यातील_गृहिणी यांचा पाहुणचार राहतो आणि @जुना_व्यवहारी यांची बैठकही टळते. माणूस पेला हातात घेऊन उभा राहतो, त्या वेळात दलाल त्याचे नाव आणि फोन नंबर लिहून घेऊ शकतात.

जुना_व्यवहारी
याला माझी हरकत नाही. मात्र पेला हातात देणारी व्यक्ती आई नसावी.

मालव्यातील_गृहिणी
तीस वर्षांचा संसार ज्या घरात झाला, त्या घरातून लोक फिरत असताना आईने कोपऱ्यात गप्प बसावे, असे आपले म्हणणे आहे काय? त्यांनी नमस्कार करावा, चौकशी करावी. किमतीचा आणि घाईचा विषय निघाला की ‘ते मुलाला विचारा’ एवढे एक वाक्य त्यांना सांगून ठेवावे. आमच्या पिढीतील बायका असे वाक्य उत्तम सांभाळतात.

राजेंद्रनगर_स्टेशनजवळ
सर्वांचे मनापासून आभार. हलवायाला नको म्हणून कळवले आहे आणि भावालाही समजावले आहे. आईला मी ‘फराळ नको’ असे न सांगता ‘पन्हे तुझ्या हातचेच हवे’ असे सांगितले, त्यावर ती राजी झाली, किंबहुना कैऱ्या आणायला तिने मलाच पिटाळले. पोर्चमध्ये दहा वाजेपर्यंत सावली असते, पुढे ऊन येते, तेव्हा टेबल दहानंतर आत ओसरीत घेऊ. पेले स्टीलचे आहेत आणि ते धुवायला कामवाल्या मावशी येणार आहेत. बिल सापडले आहे. वाक्याचे आईला अजून सांगितलेले नाही, ते आज रात्री सांगेन. आता एकच शंका उरली आहे. तीन तास पन्हे उन्हाळ्यात टिकेल काय, आणि बर्फ घालावा की नको?

मालव्यातील_गृहिणी
बाहेरचा बर्फ अजिबात घालू नका. तो कोणत्या पाण्याचा असतो ते कळत नाही आणि वर जैन शेजाऱ्यांनी सांगितलेली अडचणही येते. शनिवारी संध्याकाळी कैऱ्या उकडून गर काढावा, त्यात दीडपट ते दुप्पट गूळ, वेलची आणि चवीपुरते मीठ घालून तो फ्रिजमध्ये ठेवावा. रविवारी उकळून गार केलेले पाणी माठात भरून ठेवावे आणि एकावेळी दहा-बारा पेल्यांपुरतेच पन्हे कालवावे. गर गार असल्याने टिकण्याची चिंता राहत नाही. थोडा गर गूळ न घालता बाजूला ठेवावा आणि मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून त्याचे वेगळे भांडे करावे, कारण मधुमेह असलेले दोन-चार जण तरी येतीलच. दोन्ही भांड्यांवर गोड आणि खारे अशा चिठ्ठ्या लावायला विसरू नका.